करार विसरलेला देश

“ऐंशी किलो! पलटण जेवायला यायचीय का हिच्याकडे? माझी नखं गळून पडतील, पण ह्या मिरच्या काही संपायच्या नाहीत...”

स्तोयना हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. मांडीवरच्या परातीत मान घालून ती भाजलेल्या मिरच्यांनाच सांगत होती. पण अंगणातल्या एकाच बाकावर नणंद-भावजय मांडीला मांडी लावून बसलेल्या, त्यामुळे फिदांकाला शब्द न् शब्द ऐकू आला. ऐकू यावा अशाच बेताने तो बोलला गेला होता, हेही बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर तिला कळत होतं.

“यंदा पीक चांगलं आलंय, वन्सं,” फिदांका म्हणाली. “मीच म्हटलं मेतोदियाला, दुप्पट घे.”

“तू म्हटलंस?”

“मीच म्हटलं.”

“बरं,” स्तोयना म्हणाली, आणि एका मिरचीचं साल इतकं मन लावून सोलू लागली की जणू आतून चिठ्ठी निघणार होती.

खरी गोष्ट अशी होती की मेतोदियाने गुरुवारी चाळीस किलो गोड लाल मिरच्या आणल्या. आयवारासाठी, म्हणजे हिवाळ्याकरता बरण्या भरून ठेवायच्या मिरच्यांच्या चटणीसाठी, दर सप्टेंबरात आणतो तशा, पारखून, देठ वाकवून बघून. आणि शुक्रवारी सकाळी, उद्या आयवाराचा दिवस आणि घरात मिरची नाही असं वाटून, तो पुन्हा बाजारात गेला आणि तितक्याच पारखून आणखी चाळीस किलो घेऊन आला. दारात दुसरी पोती उतरताना फिदांकाने पाहिली. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ तिने घेतला. मग म्हणाली, “शाबास! मी सांगितल्याप्रमाणे आणल्यास की!” तो जरा गोंधळला, मग हसला. ते हसू बघून तिने आत जाऊन नळ सोडला आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

गेल्या हिवाळ्यापासून हे असं चाललं होतं. रस्त्यात कुणी भेटलं की ती नवऱ्याच्या खांद्यामागून पुटपुटायची, “ब्लागोया, तुझ्याबरोबर नोकरीला होता तो,” आणि मेतोदिया हात पसरून म्हणायचा, “अरे ब्लागोया!” फोन ती उचलायची. वार, तारीख, डॉक्टरची वेळ ह्यांच्या चिठ्ठ्या त्याच्या कोटाच्या खिशात ठेवायची आणि रोज बदलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. बितोलात, जिथे एका टोकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाला ‘आयुष्मान भव’ म्हणतात, तिथे तिने नऊ महिने ही मूठ झाकून ठेवली होती, याचा तिला थोडासा अभिमानही होता.

आणि हे सगळं देस्पिनासाठी.

देस्पिना आत स्वयंपाकघरात बरण्या उकळत होती. वय एकोणचाळीस. आंतरराष्ट्रीय सुरक्षा धोरणाची संशोधक. हा काय उद्योग आहे, हे घरात नक्की कुणालाच माहीत नव्हतं. सुरुवातीला शेजारणी विचारायच्या, “आमच्या भाच्याला लावेल का कुठे रखवालदार?” नंतर ती सारखी ब्रुसेल्सला नि हेलसिंकीला जाऊ लागली, तेव्हा त्याच शेजारणी तिला हेर समजून तिच्यासमोर हवापाण्याशिवाय काही बोलेनाशा झाल्या. मेतोदिया सीमेवर जकात अधिकारी होता. शाळेच्या सुट्टीत पोरगी त्याच्या चौकीत जाऊन बसायची आणि विचारायची, “बाबा, ही रेघ कोणी मारली? आणि पुसली तर?” ते वेड पुढे वाढतच गेलं. स्कोपियेतल्या दोन खोल्यांच्या संस्थेत पंधरा वर्षं, कधी अकरा महिन्यांच्या करारावर, कधी सात. लग्नाचं एकदा जुळत आलेलं, तेही एका परिषदेच्या तारखेपायी राहिलं.  आणि आता व्हिएन्नाहून पत्र. मोठी संस्था, कायमची जागा, हाताखाली चार माणसं. उत्तर सोमवारपर्यंत. आज शनिवार. नऊ दिवस पत्र तिच्या पिशवीत तसंच होतं.

बापाचं समजलं तर ही जायची नाही. इतकं साधं गणित होतं. दोन दिवस, फिदांका स्वतःला म्हणाली, दोनच दिवस सगळं सुरळीत दिसलं पाहिजे.

तसं सकाळपासून दैव साथ देत होतं. स्तोयना फाटकातून शिरल्या शिरल्या ओरडली होती, “मेतो, मी आले, तुझी बहीण स्तोयना, प्रिलेपहून, चीज घेऊन!” पाठोपाठ मुलगा इल्चो, “बाबा, मी इल्चो, तुझा मुलगा!” आणि सून, “बाबा, मी व्हिओलेता, इल्चोची बायको. आज शनिवार ना, म्हणून सुट्टी!” फिदांकाला बरं वाटलं होतं. माणसं किती रीतीने वागायला लागलीत हल्ली.

आता मेतोदिया अंगणाच्या मध्यावर मोठ्या पातेल्यापाशी उभा होता. पहिल्या चाळीस किलोंचा लगदा त्यात खदखदत होता आणि तो लांब लाकडी उलथन्याने ढवळत होता. आयवार ढवळणाऱ्याने जागा सोडायची नसते, क्षणभरही नाही. हाताला ते बरोबर आठवत होतं. पत्र्याच्या चुलीवर दुसऱ्या चाळीस किलो मिरच्या भाजत होत्या. बायकांचे हात कोपरापर्यंत तेलकट नि लाल. कोरडे हात फक्त इल्चोचे, कारण त्याने चूल पेटती ठेवायचं काम पटकावलं होतं. बाकीच्या कामांना पाठ वाकवावी लागते.

सरपण पेटवायला देस्पिनाने कार्यालयातल्या बाद कागदांचा गठ्ठा आणला होता. इल्चो एकेक कागद चुरगळत होता. एक चुरगळता चुरगळता थांबला.

“‘फक्त सहभागींसाठी,’” त्याने वाचलं. “बापरे. गुपित आहे वाटतं.”

“मग वाच की,” स्तोयना म्हणाली. “आम्ही सहभागी नाही तर कोण? सकाळी सातपासून सोलतेय.”

“‘संकट-सराव. सहभागी देश काल्पनिक आहेत. पहिला देश: ओस्त्रेना. डोंगराळ प्रजासत्ताक. प्रत्येक बैठकीत आपला अपमान झाल्याचं जाहीर करते आणि सभात्याग करते. दरवाजापर्यंत जाते. दरवाजाच्या बाहेर आजवर गेल्याची नोंद नाही.’”

व्हिओलेताने मिरचीसकट हात तोंडावर दाबला.

“असतात असले देश,” स्तोयना गंभीरपणे म्हणाली. “गर्वाने फुगलेले. पुढे?”

“‘मागे बोलावण्यास उशीर झाल्यास काहीतरी विसरल्याचं निमित्त करून परतते.’”

“निर्लज्ज! पुढे वाच.”

“‘दुसरा देश: लुकावा. सुखवस्तू. सर्व करारांवर सर्वांच्या आधी सही करतो. अंमलबजावणी पुढच्या आठवड्यात. हा पुढचा आठवडा सहा वर्षांपासून...’” इल्चोचा आवाज खाली आला.

“अगं बाई!” स्तोयनाने मांडीवर थाप मारली, थापेचा लाल पंजा परकरावर उमटला. “अगं, हा तर इल्चो! हा आपला इल्चोच! मागच्या पडवीचं छप्पर! पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात! काय हुबेहूब उतरवलंय पोरीने!”

“मी?” इल्चो म्हणाला. “बरं. मी लुकावा. मग आत्या, ओस्त्रेना कोण?”

“कोण म्हणजे? मला काय...”

अंगणात फक्त आयवार बोलत होता: बुडुक, बुडुक.

स्तोयना उठली. परात बाकावर ठेवली. हात पुसले. पर्स काखोटीला मारली. “साठ किलोमीटरवरून आले. चीज घेऊन. माझ्या भावाच्या अंगणात माझा देश करून ठेवलाय!” आणि ती फाटकाकडे चालू लागली.

एरवी फिदांका धावली असती. आजही अर्धी उठली होती. पण व्हिओलेताने तिचा एप्रन तेलकट बोटांनी धरला आणि कुजबुजली, “आई, थांबा ना. बघू या.” आणि खरं सांगायचं तर फिदांकालाही बघायचं होतं.

स्तोयनाने फाटकाच्या कडीवर हात ठेवला. कडी उचलली. खाली ठेवली. रस्त्यावरून एक सायकल गेली; तिने सायकलवाल्याला मान हलवून नमस्कार केला. मग वळून आली.

“चष्मा राहिला,” ती म्हणाली.

चष्मा नाकावर होता. इल्चो चुलीमागे खाली बसला तो बराच वेळ वर आला नाही.

त्याच वेळी देस्पिना बरण्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. भावाच्या हातातला कागद तिने पाहिला आणि ट्रेमधल्या बरण्या एकमेकींवर किणकिणल्या.

“दादा. तो कागद चुलीत घाल.”

“का? आम्हाला आवडतोय. बस, तुझंच वाचन चाललंय.”

“तो जाळायला आणलाय!”

“आपली माणसं आहेत का ह्यात, देस्पिना?” स्तोयनाने विचारलं. तिचा आवाज अजून फाटकापाशीच होता.

देस्पिनाने ट्रे खाली ठेवला. चोरी पकडल्यावर लहानपणी करायची तसे हात पाठीमागे घेतले. “आत्या, कामच तसं आहे. वेगवेगळ्या देशांचे राजदूत, सेनाधिकारी दोन दिवस एका टेबलाभोवती बसवायचे, आणि संकट द्यायचं: आता काय कराल? खऱ्या देशांची नावं घेतली की पहिल्या तासात भांडणं. म्हणून देश बनवायचे. पण बनवलेले देश खरे वाटायला हवेत ना? पुस्तकातनं बनवले तर कोणी खेळत नाही. मग मी... जे मला नीट माहीत होते ते घेतले.”

“आणि ओस्त्रेना कोणी केली?”

“एका निवृत्त सेनापतीने. टेबलावर मूठ आपटून तुझ्या मानापमानासाठी भांडला, आत्या. दुसऱ्या दिवशी चिडून दारापर्यंत गेला.”

“मग?”

“परत आला.”

“येणारच,” स्तोयना म्हणाली. तिने पर्स बाकाखाली ठेवली आणि परात पुन्हा मांडीवर घेतली. सेनापतीने आपली बाजू मांडली म्हटल्यावर तिचा राग निम्मा उतरला होता. “हे बघूनच का बोलावलं तुला व्हिएन्नावाल्यांनी?”

“हे बघूनच.”

“म्हणजे आमच्या जिवावर. पुढचा देश वाच रे.”

“दादा, नको,” देस्पिना म्हणाली, पण व्हिओलेता मध्ये पडली. “वाच. मी असेन.”

ती होती. “‘तिसरा देश: व्हेर्निया. संघात येऊन अकरा वर्षं झाली, दर्जा अजून निरीक्षकाचा. बैठकीत असते, पण मोजली जात नाही. त्यामुळे सर्वांची सगळी गुपितं तिलाच माहीत.’”

हसू यायचं होतं, ते कुठेतरी अडलं. व्हिओलेताने मिरचीच्या बिया बोटाने झटकल्या. “बरोब्बर अकरा,” ती म्हणाली. “आई, रागवू नका, पण मी अजून निरीक्षकच ना? सोलायला देता, बरण्या पुसायला देता. ढवळायला एकदा तरी दिलंत?”

“अगं, ते वजनदार असतं म्हणून...”

“मी दवाखान्यात रोज माणसं उचलते, आई.”

 फिदांकाने सुनेकडे पाहिलं आणि अकरा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. गुपितं हिला माहीत? कोणती?

“‘चौथा देश: द्रेनिया,’” इल्चोने घाईने पुढचं सुरू केलं. “‘प्रश्न विचारण्याआधीच इन्कार करते.’”

“ह्यात मी नाहीये,” फिदांका म्हणाली.

ह्यावर मात्र सगळं अंगण हसलं. स्तोयना इतकी हसली की तिचा चष्मा खरोखरच पडला. देस्पिनासुद्धा हसली, डोळे पुसत. ढवळता ढवळता मेतोदियाही हसला. सगळे हसतायत म्हणून हसला की समजून, ते फिदांकाला कळलं नाही, आणि म्हणून ती हसू शकली नाही.

“‘स्वतःच्या परराष्ट्र खात्याखेरीज,’” इल्चो हसतच वाचत होता, “‘ती शेजारी देशाचंही परराष्ट्र खातं चालवते. त्याच्या वतीने बोलते, त्याच्या वतीने सही...’”

“कुठल्या शेजारी देशाचं?” स्तोयनाने विचारलं. विचारलं आणि जीभ चावली. जीभ चावलेली फिदांकाने पाहिली.

इल्चोने कागद उलटला. ओठ न हलवता वाचलं. हसण्याचा उरलासुरला भाग त्याच्या चेहऱ्यावरून पुसला गेला.

“पुढचं पान नाहीये,” तो म्हणाला.

“तुझ्या हातात आहे,” फिदांका म्हणाली.

“हे वेगळं आहे.”

“दे इकडे.”

तिने कागद घेतला. कडेला तिच्या बोटांचे लाल डाग उमटले. चष्मा आत होता, पण अक्षरं मोठी होती. राजदूत मंडळीही म्हातारीच असणार.

‘पाचवा देश: ताल्विया. सर्वांत जुना. संघ ह्यानेच बांधला, सगळे करार ह्याच्याच घरी झाले. आता त्याला करार आठवत नाहीत. हे सर्व सदस्यांना माहीत आहे. प्रत्येकाला वाटतं, इतरांना माहीत नाही. तो दुखावू नये म्हणून कोणी बोलत नाही. बोलत नाही म्हणून मदत ठरवता येत नाही. सहभागींसाठी प्रश्न: प्रथम कोण बोलेल?’

फिदांकाने मान वर केली. स्तोयना मिरची सोलत होती. व्हिओलेता मिरची सोलत होती. चूल पेटवणारा इल्चोसुद्धा बाकावर येऊन मिरची सोलत होता, जन्मात पहिल्यांदा. आणि तिच्या कानात सकाळचं फाटक वाजलं: तुझी बहीण स्तोयना, प्रिलेपहून. तुझा मुलगा. इल्चोची बायको, आज शनिवार. रीत नव्हती ती. हे सगळे चोरट्यासारखे, एकमेकांच्या नकळत, तिचंच काम करत होते. नऊ महिने ती ताकाला जाऊन भांडं लपवत होती आणि गावभर सगळे म्हणत होते, कुठेय भांडं, आम्हाला तर दिसत नाही बाई.

तिला राग आला. मग लाज वाटली. मग, कसं कोण जाणे, पाठीवरचं काहीतरी थोडं हलकं झालं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. तिने तो कागद चुलीत घातला.

“बाद कागद,” ती म्हणाली. “जाळ मंदावला होता.”

“आई,” देस्पिना म्हणाली. “सोमवारी मी व्हिएन्नाला नाही म्हणून कळवणार आहे.”

“का?” फिदांकाचा आवाज चढला. “पंधरा वर्षं कशाला उरस्फोड केलीस मग? इथे काय अडलंय तुझ्याशिवाय?”

“तेच विचारतेय. इथे काय अडलंय?”

“काही नाही! सगळं उत्तम आहे!”

“सगळं उत्तम असेल तर मला जाता येणार नाही, आई.” देस्पिना तिच्यासमोर उकिडवी बसली. “काय अडलंय ते कोणी बोललं, तर ठरवता येईल. दादा काय करेल, व्हिओलेता काय बघेल, मी कधी येऊन जाईन. दोन देशांमध्ये मी हेच करत आलेय, आणखी काही मला येतही नाही. पण काही नाहीच म्हणालात, तर काही नाही ह्यात मदत कशी वाटून घ्यायची? मग मला इथेच राहून डोळ्यात तेल घालून बघत बसावं लागेल. तुझ्यासारखं.”

“मी दर शनिवारी येते म्हटलं तर...” व्हिओलेता हळूच म्हणाली.

“कशाला येशील? पाहुणचार घ्यायला?” फिदांका फटकन म्हणाली.

“फिदांका,” स्तोयना म्हणाली. एवढंच. एरवी ती एवढ्यावर थांबणारी नव्हती.

इल्चो म्हणाला, “पुढच्या आठवड्यात बोलू या का?” आणि चौघींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने आणखी एक मिरची उचलली.

फिदांकाने तोंड उघडलं. शब्द तयार होते. दोनच शब्द, नवऱ्याचं नाव आणि एक क्रियापद. ते जिभेवर आले आणि तिथेच बसले, दारात अडलेल्या म्हशीसारखे. बेचाळीस वर्षं ज्याच्या बाजूने ती बोलत आली, त्याच्याबद्दल, त्याच्यासमोर, कसं बोलायचं? तिने तोंड मिटलं. “काही नाहीये,” ती म्हणाली, आणि हे तिलाही ऐकू आलं नाही.

पातेल्यातलं उलथनं थांबलं.

सगळ्यांनी वर पाहिलं, कारण ते कधी थांबत नसतं. मेतोदियाने ते व्हिओलेताकडे धरलं. “घे गं. ढवळ. तळाला लागू देऊ नकोस.” ती धावत गेली आणि दोन्ही हातांनी दांडा घेतला.

मग तो हात पुसत बाकापाशी आला. उभा राहिला. बोलायला लागला आणि अडला. शब्द शोधताना तो नेहमी उजवा अंगठा बोटांवर चोळायचा, तसा चोळू लागला. फिदांकाचे ओठ आपोआप हलले, शब्द पुरवायला. पाच जण तिच्याकडे बघत होते. तिने ओठ दातांखाली धरले. वेळ गेला. कोंबडीने अंगण पार केलं एवढा वेळ गेला.

“जूनमध्ये,” मेतोदिया म्हणाला, “मला घरचा रस्ता सापडला नाही. स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो. एका शाळकरी पोरीने आणून सोडलं. तुला सांगितलं नाही, फिदांका. तू एवढी धडपडत असतेस, तुला कशाला दुखवायचं?”

फिदांकाला हे माहीत नव्हतं. तिला सगळं माहीत होतं, हे नव्हतं.

“मी विसरतोय,” तो म्हणाला. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत, सीमेवर कागदपत्रं तपासल्यासारखं सावकाश. “नावं जातात, दिवस जातात. आणखी जातील. आता बोललो मी. उद्या हे बोललो होतो तेही विसरेन. तुम्ही मात्र विसरल्यासारखं करू नका.”